काकांनी तीसेक वर्षं हॉटेलात पियानो वाजवला, त्याचा कागद कुठून आणू?

वर्धाकाठ
नमस्कार मंडळी. मी वरोरा तालुक्यातला, गाव वर्धा नदीच्या अलीकडे. आमच्या गावात एक काका आहेत. वय अडुसष्ट. नाव इथे लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. गावात सगळे त्यांना ‘मास्तर’ म्हणतात, पण शाळेत ते एक दिवसही शिकवायला गेलेले नाहीत. लहानपणी भजनी मंडळात पेटी, मग झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांत ऑर्गन, मग नागपूरच्या आणि मुंबईच्या हॉटेलांत पियानो वाजवत गाणं. संध्याकाळी साडेसात ते अकरा, वर्षानुवर्षं. शेवटची पाच वर्षं चंद्रपूरला. आता घरी.

काकू गेल्या. मुलगी नागपूरला दिली आहे. शेती अडीच एकर, तीही ठेक्याने. राज्य सरकारचं ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांचं मानधन आहे, महिना ५,००० रुपये, त्यासाठी मी त्यांचा अर्ज भरायला घेतलाय. वयाची अट ५० आणि कलेतली किमान १५ वर्षं. वय, रहिवास, उत्पन्न, सगळं होईल. अडलंय ते एका जागी: कलेचे पुरावे. कात्रणं, प्रमाणपत्रं, फोटो. हॉटेलात लोक जेवत असताना जो माणूस कोपऱ्यात बसून गातो, त्याचं कात्रण कोणत्या पेपरात येणार?

कुणी असा अर्ज केलाय का? आणि त्यांना कुठे ऐकलेलं कुणी इथे असेल तर कृपया लिहा.

पऱ्हाटी
भाऊ, कीर्तनकाराला आमच्याकडे मंदिराच्या पत्रिका चालल्या, त्यावर नाव आणि तारीख छापलेली होती. छापील कागद पाहिजे एवढंच. हॉटेलच्या पगाराची पाकिटं नाहीत का?

वर्धाकाठ
पऱ्हाटी, मुंबईत पगार रोख मिळायचा, वहीत सही करून. ती वही हॉटेलात राहिली आणि ते हॉटेल आता नाही.

सरळ_बोलतो
राग मानू नका, पण ही योजना कलावंतांची आहे. दंडार, खडी गंमत, तमाशा, भजन, शाहिरी यांत आयुष्य घालवलेली माणसं अजून रांगेत उभी आहेत. हॉटेलात पगारावर वाजवणं ही नोकरी झाली. वेटरला आपण कलावंत म्हणत नाही. श्रीमंतांचं जेवण पचावं म्हणून वाजवायचं आणि सरकारकडे लोककलेच्या नावाने मागायचं, हे मला पटत नाही.

काळी_पाच
सरळ_बोलतो, मी पेट्या दुरुस्त करतो. वीस वर्षं झाली. तुमच्या मुद्द्याला उत्तर देतो, जरा लांब होईल.

पेटी वाजवणाऱ्याचा डावा हात भात्यावर असतो. सगळं वाजवणं उजव्या हाताचं. आयुष्यभर पेटी वाजवलेला माणूस पियानोवर बसला की त्याचा डावा हात नुसता मांडीवर पडून राहतो, त्याला कामच माहीत नसतं. ऑर्गनला भाता पायाने हाणायचा, म्हणून दोन्ही हात मोकळे. त्यामुळे झाडीपट्टीत ऑर्गन वाजवलेल्याला निदान दोन हातांची सवय असते. पण तिथला डावा हात बहुतेक सूर धरून ठेवतो. पियानोवर सूर धरताच येत नाही. पट्टी दाबली, हातोडी तारेवर आपटली की त्या क्षणापासून सूर विझायला लागतो. पेटीत भाता चालू आहे तोवर सूर चालू. म्हणजे गाणाऱ्याच्या पाठीमागे जी चादर पेटी अंथरते, ती पियानोवर डाव्या हाताने तुकड्यातुकड्याने विणावी लागते. खर्ज एकदा, मग वर दोन-तीन सूर एकत्र, पुन्हा खर्ज. आणि हे चालू असताना तोंडाने गायचं, त्याची लय वेगळी.

पंचविशीनंतर हे शिकलेला माणूस मी एकच पाहिलाय. मास्तर तेच असतील तर मी त्यांना भेटलोय, त्यांच्या घरचा ऑर्गन माझ्याकडे आला होता. नागपूरच्या हॉटेलात पहिले दोन महिने पियानोवर बसलं की त्यांचे पाय आपोआप भाता हाणायला लागायचे आणि पेडल खटखट वाजायचं. मॅनेजरने पायाखाली घोंगडी घातली होती म्हणे.

वेटरचं काम मोठं आहे, त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण हे काम वेगळं.

वर्धाकाठ
काळी_पाच दादा, तेच ते! ऑर्गन अजून घरात आहे. तुम्ही बदललेली सुरांची पट्टी ते सगळ्यांना दाखवतात.

वऱ्हाडी_ठेचा
म्या त मास्तरचा पियानो गावात आला तवा पाह्यला होता. बैलबंडीवर आणला राजेहो! पावसाचे दिवस, रस्ता चिखलाचा, आठ जन धरून होते. एका आजीनं इचारलं, एवढी मोठी आलमारी कोन्या लाकडाची हाये गा, अन् याच्यात कपडे कुठं ठेवाचे?

अंबाडी
😄 ठेचा भाऊ, पियानो बंडीवर? खरंच?

वर्धाकाठ
खरं आहे ताई. चंद्रपूरच्या ज्या हॉटेलात ते शेवटी होते, तिथला सहा महिन्यांचा पगार थकला होता. मालकाने हात वर केले आणि पैशाऐवजी पियानो घेऊन जा म्हणाले. उभा पियानो, दोनशे किलोच्या वर वजन. ट्रक डांबरी रस्त्यापर्यंत आला, पुढे दीड किलोमीटर बंडी. काकूंनी ओसरीत जागा केली, धान्याची कोठी आत हलवली.

आता तो पियानो कवेलूच्या घरात आहे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५-४६ ला जातो, लाकूड सुकून तडकू नये म्हणून काका खालची फळी काढून आत पाण्याचं वाडगं ठेवतात. पावसाळ्यात उलट, ओल धरू नये म्हणून आत बल्ब लावून ठेवतात. उंदीर नमदा खातात म्हणून डांबराच्या गोळ्या. तारा दोनशेच्या वर आहेत, दरवर्षी एप्रिलमध्ये आणि दिवाळीला ते एकेक तार स्वतः कानाने जुळवतात. दोन दिवस लागतात. त्या दोन दिवसांत गल्लीतल्या सगळ्यांना तोच एक सूर ऐकावा लागतो, पण कुणी तक्रार करत नाही.

मुक्काम_पोस्ट_वणी
दारूबंदीने गेलं का त्यांचं काम? चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ च्या १ एप्रिलपासून बंदी लागली. माझा मावसभाऊ एका बारमध्ये ऑक्टोपॅड वाजवायचा, एका रात्रीत घरी बसला. आमची वणी यवतमाळ जिल्ह्यात, इकडे बंदी नव्हती. नदी ओलांडून यायचा, पण इकडे एवढी हॉटेलं कुठली?

वर्धाकाठ
हो, तेच झालं. परमिट रूम बंद झाली, संध्याकाळचं गिऱ्हाईक संपलं. मालकाचाही पूर्ण दोष म्हणता येत नाही.

अंबाडी
इथे मला बोलावंसं वाटतं. मी चिमूरची. २०१० मध्ये दारूबंदी मागायला चिमूरहून नागपूरला अधिवेशनावर बाया पायी गेल्या, त्यात माझी आई होती. पायाला फोड घेऊन घरी आली. माझे बाबा ज्या वाटेने गेले ती वाट मी पाहिली आहे. त्यामुळे २०२१ ला बंदी उठली तेव्हा आमच्या घरात दोन दिवस कुणी नीट जेवलं नाही. मास्तरांचं काम गेलं याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण ‘बंदीने कलावंत मेला’ असं कुणी लिहू नये म्हणून आधीच लिहितेय. वर्ध्यात १९७० च्या दशकापासून बंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून, आणि गडचिरोलीत रात्र रात्र नाटकं हाऊसफुल्ल चालतात. ऐकणारा माणूस प्यालेलाच पाहिजे असं नाही.

मुक्काम_पोस्ट_वणी
ताई, बरोबर आहे तुमचं. मी तसं म्हणत नव्हतो, पण तसं वाटलं असेल तर शब्द मागे घेतो. आईंना नमस्कार सांगा.

झाडीपट्टीवाला
अंबाडी ताईंनी नाटकांचं काढलं म्हणून लिहितो. मी वडसा देसाईगंजचा, वडील नाटकात कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं फुंकायचं वाद्य) वाजवायचे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भाऊबीजेपासून आमच्याकडे मंडई, म्हणजे गावची जत्रा, सुरू होते. गावागावांत दिवसा मंडई किंवा शंकरपट (बैलांची शर्यत), आणि रात्री नाटक. रात्री दहाला पडदा वर जातो आणि पहाटे कोंबडा आरवला की खाली येतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा हा सगळा पट्टा. कंपन्या बहुतेक वडशाच्या. २०२३ मध्ये आमच्या झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा अख्ख्या झाडीत फटाके वाजले.

संगीत साथ रंगमंचाच्या पुढे, खड्ड्यात बसते. ऑर्गन, तबला, ढोलकी, पूर्वी कॉर्नेटही. आता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड. थंडी एवढी की वडील कॉर्नेटचं तोंड शेकोटीवर धरायचे, नाहीतर सूर उतरायचा. ऑर्गनवाल्याला सगळ्यांत कठीण, कारण प्रत्येक नटाची पट्टी, म्हणजे ज्या सुरावरून तो गातो तो सा, वेगळी. हिरो काळी एक, हिरॉईन काळी चार, खलनायकाला गाणं नसतं पण प्रेक्षकांनी वन्स मोअर दिला की तोही गातो, त्याची पट्टी त्यालाच माहीत नसते. आता कीबोर्डवर पट्टी बदलायचं ट्रान्सपोझचं बटण असतं, दाबलं की झालं. तेव्हा बटण नव्हतं. नट पहिला शब्द उचलायचा आणि दुसऱ्या शब्दाला ऑर्गन त्याच्या खाली हजर. वडील सांगायचे, वरोऱ्याकडचा एक पोरगा होता, त्याला दुसरा शब्दही लागत नव्हता, नट श्वास कसा घेतो ते पाहून पट्टी ओळखायचा. १९७० च्या दशकातली गोष्ट. नाव ते विसरले होते.

आणखी एक. आमच्याकडे नाटकाची पत्रकं छापतात. गुलाबी नाहीतर पिवळा कागद, नाटकाचं नाव, गाव, तारीख, नटांची नावं आणि खाली ‘संगीत साथ’. वडिलांनी त्यांच्या प्रत्येक नाटकाचं पत्रक ठेवलं होतं. आई म्हणते ट्रंकेत आहेत. शनिवारी घरी जातोय, बघतो.

पऱ्हाटी
झाडीपट्टीवाला भाऊ, हाच तो छापील कागद!

चर्चगेट_लोकल
मी मूळचा आर्वीचा, चाळीस वर्षं मुंबईत. हॉटेलातल्या पियानोवाल्यांना ‘जेवण पचवणारे’ म्हणणं मला लागलं, म्हणून लिहितोय.

मुंबईत चर्चगेटच्या रस्त्यावरच्या रेस्टॉरंटांमध्ये पन्नास-साठच्या दशकांत रोज संध्याकाळी बँड वाजायचे. ताजमध्ये चिक चॉकलेट नावाच्या वादकाचा ट्रम्पेट होता. वाजवणारे बहुतेक गोव्याचे, गावच्या चर्चच्या शाळेत लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकलेले. दिवसा हीच माणसं सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बसायची. आपण रेडिओवर जे ऐकत मोठे झालो त्यातले व्हायोलिन, ट्रम्पेट, पियानोचे तुकडे यांचेच, पण तबकडीवर नाव नाही. तिकडे कलकत्त्याला पार्क स्ट्रीटवरच्या ट्रिंकाजमध्ये १९६९ ला उषा उथुप साडी नेसून गायला लागल्या. त्यांचं नाव झालं, पण तशा प्रत्येक हॉटेलात कुणीतरी गात होतं.

नव्वदच्या दशकापासून आधी कॅसेट, मग सीडी, मग तयार ट्रॅक आले. एक माणूस आणि एक पेनड्राइव्ह आला की पियानोवाल्याचा पगार वाचतो. मी एका हॉटेलच्या हिशेब खात्यात होतो, हा निर्णय कागदावर कसा दिसतो ते मी पाहिलंय. एक ओळ असते, ती खोडली जाते.

आमच्या हॉटेलात विदर्भातला एक गृहस्थ पियानो वाजवून गायचा. तोच का ते सांगता येणार नाही. पण मी उशिरा निघालो की लॉबीतून जाताना तो मला बघून दोन ओळी खंजिरी भजनाच्या चालीत वाजवायचा. हॉलमधल्या कुणाला कळायचं नाही. मला कळायचं.

वऱ्हाडी_ठेचा
दादा, अंगावर काटा आला वाचून.

वर्धाकाठ
चर्चगेट_लोकल काका, त्यांना विचारलं. लगेच म्हणाले, “हिशेबवाले, चष्मा लावायचे, रात्री डबा हातात.” तुम्हीच का?

चर्चगेट_लोकल
हो. मीच.
लिहायला जमत नाहीये, नंतर येतो.

सरळ_बोलतो
मी वरचं सगळं दोनदा वाचलं. झाडीपट्टीतली वर्षं धरली तर माझी हरकत नाही, ते लोकरंगभूमीचंच काम आहे. हॉटेलबद्दल अजून मनात थोडं आहे. ते तिथे गायचे काय? आपलं की त्यांचं?

वर्धाकाठ
तुमचा प्रश्न मी काल त्यांनाच विचारला. त्यांनी डायरी काढली. हे सविस्तर लिहितो, कारण मीही ती पहिल्यांदाच पाहिली.

जाड पुठ्ठ्याची, जमाखर्चाची वही. दर पानाला एक गाणं. डावीकडे गाण्याचा पहिला शब्द, पट्टी, आणि डाव्या हाताचे सूर सारेगममध्ये. इंग्रजी गाणी पूर्ण देवनागरीत लिहिलेली, उच्चार जसा कानाला आला तसा. स्वरलिपी त्यांना वाचता येत नाही. नागपूरच्या हॉटेलात त्यांच्या आधी एक गोव्याचे म्हातारे पियानो वाजवायचे, त्यांनी दुपारी तीन ते पाच, हॉल रिकामा असताना, डावा हात शिकवला. फी म्हणून काकू जवसाची चटणी द्यायच्या. म्हातारबाबांना ती इतकी आवडली की ब्रेडला लावून खायचे.

पानाच्या उजव्या बाजूला माणसं. नावं नाहीत. ‘खिडकीजवळ, मिशीवाले, बायको वारली, हे मागतात, तिसरं कडवं गायचं नाही.’ ‘गुरुवार, दोघी बहिणी, हळू.’ ‘टोपीवाले, मुलगा परदेशी, फोन येऊन गेला की हे.’ चिठ्ठी यायची, कधी चिठ्ठीत नोट. नोट आली तरी चिठ्ठी यायच्या क्रमानेच गाणं घ्यायचं हा त्यांचा नियम होता.

मी विचारलं, लोक ऐकतच नसतील तर गायचं कसं? ते म्हणाले, “ऐकतात. मान वळवत नाहीत एवढंच. चमचा थांबतो.” ताट आलं की लय हलकी, बिल मागितलं की ओळखीचं काहीतरी, भांडणारं जोडपं असेल तर मधे थांबायचंच नाही, शांतता झाली की त्यांचे शब्द सगळ्यांना ऐकू जातात.

तर सरळ_बोलतो दादा, गायचे काय, तर सगळं. हिंदी, इंग्रजी, मराठी गझल, आणि साडेदहानंतर हॉल रिकामा झाला की तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळात लहानपणी म्हटलेली भजनं. भांडी घासणारी पोरं दारात येऊन उभी राहायची म्हणे.

सरळ_बोलतो
वर्धाकाठ, धन्यवाद. वेटरचा दाखला मी द्यायला नको होता. आमच्या पंचायत समितीत ही प्रकरणं मी पाहिली आहेत, थोडी मदत करू शकतो. अर्जात ‘हॉटेलमध्ये नोकरी’ असं लिहू नका. ‘गायक व वादक, पियानो, ऑर्गन, हार्मोनियम’ असं लिहा, आणि खाली वर्षं क्रमाने. डायरीच्या पाच-सहा पानांच्या झेरॉक्स जोडा, पण ज्या पानांवर गिऱ्हाइकांबद्दल लिहिलंय ती नको. अर्ज आता ऑनलाइन भरायचा असतो, तरी कागद घेऊन एकदा समक्ष जाऊन या. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, आणि तो चालू वर्षाचाच.

अंबाडी
गावात बोलणी बसली असतील ना त्यांना? २००५ ला डान्सबार बंदीचं एवढं गाजलं, तेव्हा मुंबईत ‘बारमध्ये गातो’ म्हटलं की लोक वेगळंच समजायचे.

वर्धाकाठ
बसली ताई. मुलीच्या लग्नाच्या वेळी दोन स्थळं त्यावरून परत गेली. काकू सांगायच्या ‘हॉटेलात अकाउंटंट आहेत’. मास्तरांना ते माहीत होतं, पण कधी बोलले नाहीत.

काळी_पाच
एक तांत्रिक सूचना, थोडी विषयाबाहेरची. एवीतेवी धागा वाचणारे पेटीवाले आहेत. मास्तर पियानो कानाने जुळवतात, पण भजनाला बसतात तेव्हा पियानोवरचा गंधार (ग) त्यांना चढा लागतो, तो असतोच तसा, कारण पियानो आणि पेटी दोन्हीत बारा सूर समान अंतरावर बसवलेले असतात. म्हणून भजनात ते गंधारावर थांबत नाहीत, पंचमावर जाऊन थांबतात. मी हे त्यांच्या ओसरीत ऐकलंय. आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षं पेटीला दार बंद केलं होतं ते याच कारणांनी. मास्तरांनी त्याचं उत्तर बोटांनी शोधलं.

झाडीपट्टीवाला
मंडळी, सापडलं. ट्रंकेत तळाशी, वडिलांच्या स्वेटरखाली. तीन पत्रकं, सन १९७८, १९७९ आणि १९८१. तिन्हींवर ‘संगीत साथ’ खाली ऑर्गनपुढे त्यांचंच नाव, पुढे कंसात वरोरा. आणि त्याच ओळीत पुढे कॉर्नेट, माझे वडील. दोघं शेजारी शेजारी. आई बराच वेळ कागद हातात धरून बसली.

झेरॉक्स इथेच काढल्या. मूळ कागद स्पीड पोस्टने पाठवतोय, पत्ता निरोपात टाका. काम झाल्यावर परत पाठवा, आईला हवे आहेत.

वर्धाकाठ
दादा, काय लिहू. पत्ता टाकलाय. मूळ कागद मी स्वतः वडशाला घेऊन येईन, पोस्टाने परत पाठवणार नाही. आणि मास्तर म्हणतायत तेही येतील. तुमच्या बाबांची कॉर्नेट अजून घरी आहे का, विचारतायत.

झाडीपट्टीवाला
आहे. तीन कळांपैकी एक अडकते.

काळी_पाच
येताना मला वरोऱ्याहून घ्या. तेल घेऊन येतो.